कम्युनिटी कॉलेज ‘हात टेकलेल्यांची सोय’ नाही (‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर)

खाडीकर:
कालच्या धाग्यात अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल (हायस्कूलनंतरची दोन वर्षांची, स्वस्त सरकारी कॉलेजं) ‘स्पष्टवक्ता’ लिहितात, ‘हायस्कूलनंतर कम्युनिटी कॉलेज म्हणजे हात टेकलेल्या मुलांची सोय. तिथून कोणी वर येत नाही, करदात्यांचा पैसा पाण्यात.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्चशिक्षणाच्या मास्टर प्लॅनने यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी दिले, सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) वरचे एक तृतीयांश. बाकी सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं राहिलं. त्या दारातून कोण येतं ते संध्याकाळी तिथल्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा. गोदामाचा शर्ट न बदलता आलेली पोरं, गाडीतच डबा उघडणाऱ्या बायका. माझ्या बायकोकडे भारतातली बीएस्सी होती, तरी इथे तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. कोर्सच्या दर युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर भरून ती कम्युनिटी कॉलेजात शिकली, आज हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. तिला हात टेकलेली म्हणायची हिंमत आहे का?

स्पष्टवक्ता:
वहिनींचं कौतुकच आहे. पण त्या आधीच पदवीधर होत्या, त्यांचं उदाहरण इथे लागू नाही. देशभरात कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण सहातला एक जण सहा वर्षांत बॅचलर्स (चार वर्षांची पदवी) पूर्ण करतो. आणि आत शिरताना बहुतेकांना बॅचलर्सच करायचं असतं! गरिबाच्या पोराला स्वस्त दार दाखवायचं आणि आत जिनाच नाही. याला तुम्ही समता म्हणता?

गणितवाली:
जिना होता हो, कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने तो काढला! कच्च्या मुलांना आम्ही प्रीअल्जिब्रापासून, म्हणजे शाळेतल्या बीजगणिताच्याही आधीपासून, वर आणायचो. आता थेट स्टॅटिस्टिक्स, आणि २०२२ च्या एबी १७०५ नंतर इंजिनिअरिंगवाल्यांना थेट कॅल्क्युलस. मागच्या सेमिस्टरला माझ्या वर्गात एक मुलगा डेरिव्हेटिव्ह अचूक काढायचा आणि पुढच्याच ओळीत १/३ + १/४ = २/७ लिहायचा. त्याला कोणी, कधी शिकवायचं?

खाडीकर:
तो जिना नव्हता ताई, सापळा होता. एका प्लेसमेंट टेस्टवर पोरांना तीन-तीन सेमिस्टर पदवीत न धरल्या जाणाऱ्या गणितात अडकवायचं. फी गेली, वर्ष गेलं, हाती काही नाही. सर्वात खालच्या वर्गातून सुरुवात करणारे कॉलेजच्या गणितापर्यंत पोचायचे किती?

गणितवाली:
गळती मला शिकवू नका. हजेरीपटावरची नावं मी स्वतः खोडली आहेत. जुनी पद्धत वाईट होती हे मान्य. पण त्या जागी जो जोडवर्ग (कॉलेजच्या गणितासोबतच चालणारा मदतीचा वर्ग) दिला, तो शिकवतं कोण? माझ्यासारखे अर्धवेळवाले. सकाळी एका कॉलेजात, दुपारी चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या. फ्रीवे फ्लायर म्हणतात आम्हाला. बसायला खोली नाही, मुलांच्या शंका गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सोडवते. पुढच्या सेमिस्टरला वर्ग मिळेल की नाही, तेही माहीत नसतं.

स्पष्टवक्ता:
म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं.

गणितवाली:
अजिबात नाही! माझ्या विद्यार्थ्यांना हात टेकलेले म्हणायचं नाही. रात्रपाळी करून आठच्या वर्गाला येतात ती.

मधुरा:
गणितावरून किती भांडाल? खरी माती होते ट्रान्स्फरला, कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाताना. आमच्या मुलाचा फिजिक्सचा कोर्स ‘असिस्ट’वर (कुठला कोर्स कुठे धरला जातो ते सांगणारी वेबसाइट) यूसीच्या एका कॅम्पसला चालत होता, दुसऱ्याला नाही. कौन्सेलरची वेळ मिळेपर्यंत नोंदणी बंद. मी आणि नवरा दोघंही इंजिनिअर, रात्री कॅटलॉग घेऊन बसायचो, तरी वर्ष गेलंच. ज्याच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही, त्याने हे कोणाला विचारायचं?

क्वीन्सवाला:
मधुराताईंना जोरदार अनुमोदन. न्यू यॉर्कात कुनीने (शहराच्या सरकारी विद्यापीठाने) २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ हा मदतीचा कार्यक्रम सुरू केला तो याचसाठी. पूर्णवेळ शिकायची अट. बदल्यात प्रवासाचा पास, पुस्तकं, फीत कमी पडेल ती रक्कम आणि नेमाने भेटावाच लागणारा सल्लागार. सोडत काढून दोन गट पाडले आणि तुलना केली. तीन वर्षांत दोन वर्षांची असोसिएट पदवी असॅपमध्ये ४० टक्के जणांना मिळाली, बाहेर २२. आणि हे सगळे गणितात किंवा इंग्रजीत कच्चे ठरवलेलेच विद्यार्थी होते. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे कमी झाला. करदात्याची काळजी असेल तर यावर बोला.

स्पष्टवक्ता:
ठीक. सोडत काढून केलेली तुलना आहे, नाकारता येत नाही. मुलांवर खापर फोडायला नको होतं, इतपत मान्य. पण हे सगळ्या कॉलेजांत होईपर्यंत माझी मुलगी थेट सीएसयूलाच जाईल.

खाडीकर:
खुशाल पाठवा. ज्यांना तो पर्यायच नाही त्यांच्या कॉलेजचा निधी कापायला मात्र सांगू नका.

गणितवाली:
आणि क्वीन्सवाले, त्या असॅपच्या मुलांना गणित शिकवणाऱ्यांना बसायला खोली होती का, तेवढं विचारून सांगा.