नऊवारीतली पट्टेकरी
लढवय्या मराठा बाईचे पात्र चितारताना चिलखत चढवले की पात्रातले बाईपण हरवते आणि नऊवारी नेसवली की लढणे खोटे वाटते, असा पेच चित्रकाराला पडतो; त्यातला नऊवारीचा भाग मला अजिबात पटत नाही. पात्र ताराबाईंच्या काळातले, म्हणजे १७०० नंतरचे असेल, तर मागे घट्ट खोचलेल्या कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि घोड्यावर पक्की मांड टाकता येते. पदर मात्र कमरेला आवळून खोचलेला दाखवा, कारण उडता पदर शत्रूच्या हाती आयता सापडतो.

हाती दांडपट्टा, म्हणजे लांब लवचीक पात्याची तलवार, देणार असाल, तर त्याच्या मुठीवरच्या पोलादी आवरणात मनगट अडकलेले असते आणि घाव खांद्यातून व कमरेतून फिरवावा लागतो, हे ध्यानात घेऊन खांदे भरदार, पाठ रुंद आणि पावले अंतर ठेवून रोवलेली काढावीत. त्या हातात बांगड्या नकोत. दुसऱ्या हातात चालतील. कपाळावरचे कुंकू, घट्ट अंबाडा आणि नथीऐवजी साधी चमकी एवढ्याने चेहरा पुरेसा बोलतो.

चिलखत हवेच असेल, तर छातीचा पत्रा एकसंध फुगीर ठेवा. दोन उभार घडवले, तर वार मधल्या खाचेत घसरून नेमका छातीच्या हाडावर येतो.