मदत हवी: ओहमचा आलेख वाकतोय, सोमवारी पाठ आहे

करवीर_लॅब: बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या पोरांना हायस्कूलवर सराव पाठाला पाठवतोय. विषय ओहमचा नियम, म्हणजे व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो. आलेख सरळ यायचं नावच घेत नाही, वर चढतो आणि पुढं आडवा पडतो. वायरी बदलल्या, सेल नवे घातले. लवकर सांगा.

टाचणवाला: इयत्ता? माध्यम? आणि रोध म्हणून काय लावलंय?

करवीर_लॅब: नववी, सेमी. टॉर्चचा बल्ब लावलाय, पोरांना दिसतोय तरी. 0.5 व्होल्टला 120 मिलिअँपिअर, 1 ला 180, 2 ला 260.

पेठेतला: सेल उतरलेत. तिन्ही बदला.

टाचणवाला: दादा, व्होल्टमीटर बल्बच्या दोन टोकांना आहे. सेल उतरला तर मापही उतरेल, आलेख कशाला वाकेल? व्होल्टला अँपिअरनं भागून बघा: 4.2, 5.6, 7.7 ओहम. फिलामेंट तापतेय आणि रोध वाढतोय. नियमातली 'भौतिक अवस्था कायम असताना' ही अट इथंच मोडते.

10 ओहम, 5 वॅटचा सिमेंटचा रोध लावा. पाव वॅटचा कार्बन रोध नको, 4.5 व्होल्टला 2 वॅट होतात, धूर निघेल. अमीटर 0 ते 500 मिलिअँपिअर, व्होल्टमीटर 0 ते 5, सेल एक, दोन, मग तीन. माप घेण्यापुरतीच कळ दाबायची. अमीटर एकसरच, समांतर जोडला की काटा टोकाला आपटतो.

भागीरथी_७: एवढी यातायात कशाला? फेटचं (PhET, विज्ञानाच्या प्रयोगांची वेबसाइट) सिम्युलेशन दाखवा.

टाचणवाला: त्यात साध्या रोधाचा आलेख कायम सरळच येतो. वाकल्यावर वर्गासमोर काय बोलायचं, ते मग शिकायचं कुठं? बी.एस्सी.ची पोरं 'एरर आहे' म्हणून पुढं सरकतात, खरी अडचण ती. आधी रोध घ्या, शेवटच्या 7-8 मिनिटांत बल्ब, आणि 'का वाकला' हे वर्गालाच विचारा.

पवित्र_पोर्टल_ग्रस्त: बी.एस्सी.च्या पोरांना टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर 2 द्यायला लावा. 150 गुण, त्यात गणित-विज्ञानाला 60.

पेठेतला: अहो, पाठ नववीचा आहे. टीईटी आठवीपर्यंतच्या शिक्षकांना लागते.

भागीरथी_७: मागच्या बाकावरून काटा दिसतो का पण?

टाचणवाला: नाही. प्रत्येक रांगेतलं एक पोर पुढं बोलवा, मोठ्यानं वाचू दे, बाकीच्यांनी फळ्यावरून उतरवायचं. डिजिटल मीटर असेल तर 10 अँपिअरच्या भोकात वायर घाला, 200 मिलिअँपिअरच्या भोकातला फ्यूज उडतो.

करवीर_लॅब: लावला. 1.4 ला 140, 2.8 ला 290, 4.1 ला 420. आता एक पोरगी विचारतेय, 280 का नाही आले?

टाचणवाला: रोधावरचा शेवटचा पट्टा किंवा अक्षर बघा. 'J' अक्षर म्हणजे 5 टक्के कमी-जास्त, म्हणजे 9.5 ते 10.5 ओहम चालतो. वर अमीटरचं लघुतम माप, म्हणजे काट्याचं एक घर, 10 मिलिअँपिअरचं. तिलाच सोमवारी फळ्यापाशी उभी करा की.