नॅकसाठी झाडं लावून झाली, आता कॉलेजने तालुक्यासाठी काय करावं?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कला-वाणिज्य-विज्ञानचं कॉलेज आहे. मी तिथे भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी सुरू झाली की सातव्या निकषाची (पर्यावरण, मूल्यं वगैरे) फाइल ‘मॅडम, हा तुमचाच विषय’ म्हणून माझ्या टेबलावर येते.

आजवर जे झालं ते असं: छतावर सौरपट्ट्या बसल्या, ग्रीन ऑडिट झालं, झाडांना शास्त्रीय नावांच्या पाट्या लागल्या, पाच जूनला पर्यावरण दिनाचं बॅनर लागतं. गांडूळखताचे दोन हौद आहेत, पण समिती येणार असली की त्यात गांडुळं आणून सोडावी लागतात. आता प्राचार्य म्हणताहेत, ‘कॉलेज समाजाला शाश्वततेची दिशा देतंय असं काहीतरी दिसलं पाहिजे.’ बजेट जवळपास शून्य. पोरं तीस-पस्तीस गावांतून एसटीच्या पासावर येतात आणि चारच्या गाडीने परत जातात, त्यामुळे संध्याकाळचे उपक्रम होत नाहीत.

मला फाइल भरायचीच आहे, नाही म्हणत नाही. पण फाइलीपलीकडे खरंच उपयोगी पडेल असं लहान कॉलेजला काय करता येईल? कुणी केलं असेल तर सांगा.

मेसवाला_रेक्टर

आधी घर आवरा असं माझं मत. वसतिगृह असेल तर ताटात उरलेलं अन्न आठवडाभर रोज तोलून तो आकडा दारावर खडूने लिहा. आमच्याकडे भाषण न देता पोळ्या अर्ध्या करून घ्यायची सवय लागली. उरलेल्यासाठी बायोगॅस. भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण तंत्र आहेच, लहान घरगुती संयंत्रंही मिळतात. आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनीच पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठा आवार असलेल्या संस्थांना ओला कचरा होईल तितका आवारातच जिरवायला सांगितलं होतं. त्यात उपकार वगैरे काही नाही.

जुना_भूशास्त्री

रेक्टरसाहेबांचं बरोबर आहे, ते कराच. पण कॉलेजच्या कंपाउंडात काय होतं याने तालुक्याला फार फरक पडत नाही.

मॅडम, तुमच्या प्रश्नातलं कामाचं वाक्य तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. पोरं तीस-पस्तीस गावांतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. तहसीलदाराकडे एवढी माणसं नाहीत, कृषी खात्याकडे नाहीत, भूजलवाल्यांकडे तर नाहीतच. रोज मुक्कामाला आपल्याच गावी असणारी, लिहिता-वाचता येणारी शे-दोनशे माणसं तालुक्यात फक्त कॉलेजकडे आहेत. त्यांना विहिरी मोजायला लावा. दुसरं काही केलं नाही तरी चालेल.

मी निवृत्त होईपर्यंत भूशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं दगडावर बोलतो. आपल्या पायाखाली बसाल्टचे थर एकावर एक बसलेत. वर काळी माती, खाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र बसाल्ट, कुठे अखंड काळा पाषाण, मधूनच तांबड्या मातीचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. काळ्या पाषाणाला भेग नसेल तर त्यात थेंब मिळत नाही. म्हणून एकाच शिवारात बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींतली एक होळीला तळ दाखवते आणि दुसरी मेअखेर टिकते. जिल्ह्याच्या सरासरीत हे कसं दिसणार?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, निरीक्षण विहिरींची पातळी घेते. हे काम काही दशकं चाललंय आणि चांगलं चाललंय. पण निरीक्षण विहिरी मोजक्या. तुमच्या पस्तीस गावांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला एक येईलच असं नाही. मधली गावं तुम्ही घ्या. महिने तेच ठेवा, म्हणजे उद्या दोन्ही आकडे शेजारी मांडता येतील.

पद्धत सोपी आहे. गावात तीन-चार जुन्या, उघड्या विहिरी निवडा: एक ओढ्याजवळची, एक मधली, एक माळावरची. बोअरच्या नादी लागू नका, मोजपट्टी आत अडकते. विहिरीच्या काठावर ऑइलपेंटने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कठड्याची उंची वजा करा. पट्टीच्या टोकाला वजन बांधा. मोजायचं ते पंप सुरू व्हायच्या आधी. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते, तेव्हा ‘पंप किती वाजता बंद झाला’ हा रकाना वहीत हवाच, नाहीतर तुम्ही भूजल मोजत नसून महावितरणचं वेळापत्रक मोजत असता. आणि एकट्याने जायचं नाही. दोघं जातील, काठावर वाकणार नाहीत, कठडा नसलेली विहीर यादीतच घ्यायची नाही.

पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजायचा, वेधशाळेची वेळ तीच आहे. मग गणित वर्गात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. सहाशे मिलिमीटर पडला तर हेक्टरी साठ लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण आपला मुरूम-मांजऱ्या आकारमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के पाणी हाताशी देतो. विहिरींची पातळी मीटरभर चढली म्हणजे जमिनीत हेक्टरी दोन-तीन लाख लिटर आले, बस. पोरांनी हा हिशेब आपल्या शिवाराचा आपल्या हाताने एकदा केला की त्यांना पाणलोटावर व्याख्यान द्यावं लागत नाही.

‘वेळ कुठून आणायचा’ हे विचाराल. दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, हे इथे कुणाला नवीन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे यूजीसीने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला आणि शंभरपैकी २५ गुण क्षेत्रकार्याला ठेवले. त्या पंचवीस गुणांची आपण सगळ्यांनी मिळून माती केली. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग प्रकल्प आलेत. दोन क्रेडिट म्हणजे साठ तास. साठ तासांत एका पोराच्या गावच्या विहिरी वर्षभर मोजून होतात आणि वेळ उरतो. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर वेगळंच. शिबिरात दरवर्षी तोच रस्ता झाडण्यापेक्षा एखादा ओढा उगमापासून चालून नकाशावर आणा.

एकट्या भूगोलाने हे ओढायचं नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ईडीटीएने पाण्याची कठीणता काढायचा प्रयोग पोरं करतातच, प्रयोगशाळा सहायकाने बाटलीत कालवून दिलेल्या पाण्यावर. त्याऐवजी गावच्या विहिरीचं पाणी आणा. नायट्रेट तपासता आलं तर फारच उत्तम. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर ते नको, आणि युरिया सढळ हाताने पडतो तिथे ते वर जाऊ शकतं. वाणिज्यवाल्यांनी ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचं वीजबिल आणि पाणीपट्टीची वसुली समोरासमोर मांडावी. मराठी विभागाने म्हाताऱ्यांकडे जावं आणि एकच प्रश्न विचारावा: बाहत्तरच्या दुष्काळात गावातली कुठली विहीर आटली नाही? ती विहीर यादीत पहिली घ्या. भूशास्त्राची पुस्तकं वाचून जे कळणार नाही ते तिथे कळेल.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणलं, ते आपल्या भागात सगळ्यांना आठवतं. त्याआधीच्या तीन-चार वर्षांत आपल्या गावच्या विहिरी दर मार्चला किती खाली गेल्या, हे किती गावांत लिहून ठेवलेलं आहे? कॉलेजने पुढे चालायचं म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की टँकर मागायची वेळ यायच्या तीन महिने आधी ऑक्टोबरचा आकडा गावासमोर असावा. त्यावर रब्बीला काय पेरायचं ते गाव ठरवेल.

दोन_एकर_ऊस

मास्तर, लेख चांगला लिहिलात, पण ऊस शब्द कुठे आला नाही! मी याच भागातला, अशाच एका कॉलेजचा माजी विद्यार्थी. पाटाने पाणी दिलेल्या हेक्टरभर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. तुमच्या दोन-तीन लाखाच्या हिशेबाशेजारी हा आकडा लावा की. आणि तो कॉलेज लावू देईल का? आमच्याकडे संस्थेचे अध्यक्ष आणि कारखान्याचे चेअरमन एकाच घरात जेवतात.

आम्हीही हौसेने लावत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, कायद्याने ठरते, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, उशीर झाला तरी भांडायला कागद असतो. सोयाबीनचा हमीभाव रेडिओवर ऐकायचा आणि अडतीवर जाऊन गप्प बसायचं. उद्या पोरगं टेप घेऊन विहिरीवर आलं तर बाप म्हणेल, माझी मोटार बंद करायला आलास का?

जुना_भूशास्त्री

ऊस मी मुद्दामच लिहिला नाही. आणि तुम्ही लिहिलात ते माझ्यापेक्षा बरं झालं.

ऊस लावू नका असं सांगायला कॉलेजने जाऊच नये. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो त्याने दोन एकरवाल्याला पीक शिकवायचं, हे मला नोकरीत असतानाही जड जायचं. कॉलेजने आकडा द्यावा. कुठल्या पिकाला किती पाणी, ठिबकवर किती, आणि या ऑक्टोबरला आपल्या शिवारात आहे किती. तीन रकाने. शेरा लिहायचा नाही.

मालकाची भीती खरी आहे. म्हणून फलकावर मालकाचं नाव नको, गाव आणि विहिरीचा क्रमांक एवढंच. मोजलेला आकडा आधी मालकाला द्यायचा, मग कॉलेजात न्यायचा. आणि मोजणारा पोरगा त्याच गावचा असला की निम्मा प्रश्न मिटतो, कुणाचा कोण हे लोकांना माहीत असतं.

अध्यक्षांचं म्हणाल तर त्यांना उद्घाटनाला बोलवा. पहिली विहीर त्यांच्याच शेतातली मोजा, फोटो येऊ द्या पेपरात. मग ऑक्टोबरचा फलक काढून टाका म्हणणं त्यांनाच अवघड जाईल.

दोन_एकर_ऊस

हे बाकी पटलं 😄 माझी विहीर लिहून घ्या. कठडा आहे.

तंत्रनिकेतनातला_सर

थोडी भर. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानासाठीचं ‘सितारा’ केंद्र १९८५ पासून आहे. तिथली मुलं वर्षानुवर्षं कर्जतसारख्या तालुक्यांत टँकर का लागतो, नळयोजना का बंद पडते, असे अभ्यास करत आलीत. त्याच विचारातून २०१६ मध्ये राज्याचं उन्नत महाराष्ट्र अभियान निघालं: स्थानिक कॉलेजांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासायचे, आणि जिल्हा प्रशासनाने ती कामं त्यांच्याकडे द्यायची. तुमच्या जिल्ह्यात कुठलं कॉलेज त्यात आहे ते बघा.

अनुभवाच्या दोन गोष्टी. एक, ग्रामपंचायतीचा ठराव आधी घ्या. ठराव असला की ग्रामसेवक दप्तर उघडतो, नाहीतर साहेब मीटिंगला गेलेले असतात. दोन, अहवाल मराठीत आणि दोन पानांत. आमच्या एका गटाने ऐंशी पानांचा इंग्रजी अहवाल सरपंचांना दिला होता, त्यांनी तो आदराने कपाटात ठेवला.

बालाघाटची_लेक

सर्वांचे आभार. सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून स्टाफरूममध्ये ठेवला. रसायनच्या सरांनी स्वतःहून विचारलं, बाटल्या किती लागतील म्हणून. मराठीच्या मॅडमना बाहत्तरच्या विहिरीची कल्पना इतकी आवडली की त्यांनी सासऱ्यांपासून सुरुवात केलीसुद्धा.

दोन शंका आहेत. मेमध्ये कॉलेजला सुट्टी असते, ते वाचन कोण घेणार? आणि दुसरं जरा वैयक्तिक. मी तासिका तत्त्वावर आहे. पुढच्या जूनमध्ये मला बोलावतील की नाही ते जूनमध्येच कळतं. मी नसले तर वही बंद पडेल.

जुना_भूशास्त्री

मेचं वाचन सगळ्यात सोपं. पोरं सुट्टीत घरीच असतात, विहीर शेजारी असते. व्हॉट्सॲपवर आकडा आणि पट्टीचा फोटो मागवा. अडचण होईल ती ऑक्टोबरला, परीक्षा आणि दिवाळी एकत्र येतात. तेवढं वाचन सप्टेंबर संपता संपता उरकलं तरी चालेल, पाऊस थांबलेला असला म्हणजे झालं. कमवा व शिका योजनेत विहीरमोजणी बसवता आली तर बघा. कर्मवीर अण्णांच्या पोरांनी शेतात राबून शिक्षण घेतलं, तुमची विहिरीवर तासभर उभी राहतील आणि तासाचे पैसे घेतील.

दुसऱ्या शंकेवर खरं उत्तर तासिका तत्त्व बंद करणं हे आहे, पण ते तुमच्या-माझ्या हातात नाही. तोवर असं करा. वही विभागात ठेवू नका. विभागातलं दप्तर माणूस बदलला की रद्दीत जातं. कापडी बांधणीचं मोठं रजिस्टर घ्या, पहिल्या पानावर तुमचं नाव आणि विहिरींची यादी गट नंबरसह लिहा, आणि ग्रंथालयात दाखल करून घ्या. दाखलांक पडला की ते पुस्तक होतं. मग दरवर्षीच्या पडताळणीत ग्रंथपालाला ते दाखवावं लागतं, आणि हरवलं तर जबाब द्यावा लागतो. दरवर्षीच्या विद्यार्थ्यांची नावं त्यातच येऊ द्या. नॅकची समिती आली की तेच रजिस्टर टेबलावर ठेवायचं, तुमची फाइलही झाली.

पट्टी तीस मीटरची घ्या. पंधरा मीटरची स्वस्त मिळते, पण मार्चनंतर पुरत नाही.