हरिश्चंद्रगडावर स्टार ट्रेल: बल्बवर एकच एक्स्पोजर की अनेक फ्रेम?

कातळवाट:
डिसेंबरच्या अमावास्येला कोकणकड्यावरून ताऱ्यांची वर्तुळं टिपायची आहेत. क्रॉप सेन्सर बॉडी, १८-५५ किट लेन्स, ट्रायपॉड आणि लॉक होणारा केबल रिमोट आहे. बल्बवर (शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवणारा मोड) तासाभराचं एकच एक्स्पोजर द्यावं की लहान एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम जोडाव्यात? दवाचं काय करता?

निशाचर:
आधी दिशा ठरवा. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. तिकडे तारे जवळजवळ सरळ रेषेत, जरासे उजवीकडे कलत उतरतात. वर्तुळांसाठी कॅमेरा उत्तरेलाच हवा. ध्रुव आपल्याकडे जेमतेम १९ अंश वर असतो, म्हणजे हात ताणून धरलेल्या दोन मुठी. समोर उंच डोंगर आला की केंद्रच गायब! जागा उजेडातच हेरा, कड्याजवळ अंधारात ट्रायपॉड हलवत बसू नका.

एकच एक्स्पोजर अजिबात नको. कुणाची टॉर्च फिरली की तासभर पाण्यात, शिवाय सेन्सर तापून लाल-निळे ठिपके येतात. १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ १६००, ३० सेकंद, रॉ. ड्राइव्ह कंटिन्युअस, रिमोट लॉक. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फ्रेममागे कॅमेरा तेवढाच वेळ डार्क फ्रेम (प्रकाश न घेता टिपलेली काळी फ्रेम) घेतो आणि रेषांचे टाके होतात. तासाला १५ अंशांचाच कंस मिळतो, तेव्हा निदान तीन तास द्या. नंतर सगळ्या फ्रेम लायटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सर्वांत उजळ बिंदू ठेवणारा) जोडा.

रानपाखरू:
इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणारं साधन) लावणाऱ्यांसाठी: बहुतेक कॅमेऱ्यांचे ३० सेकंद प्रत्यक्षात ३२ असतात. दोन फ्रेमच्या सुरुवातींमधलं अंतर ३० ठेवलं तर एकाआड एक फ्रेम गळते. ३३ ठेवा.

कातळवाट:
किट लेन्सवर अनंताची खूण नाही. फोकस कसा लावू?

निशाचर:
ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर बंद. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून ईशान्येचा ब्रह्महृदय तारा पकडा, तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. मग फोकस आणि झूम, दोन्ही रिंगांना चिकटपट्टी.

रानपाखरू:
दवासाठी यूएसबी हीटर पट्टी, पुढच्या काचेच्या लगत, पॉवर बँकेवर. दव धरण्याआधीच सुरू करा. मध्येच काच पुसली तर कॅमेरा हलतो आणि सगळ्या रेषा तिथे मोडतात. शेवटी कॅमेरा बंद करण्याआधी झाकण लावून त्याच सेटिंगवर १० डार्क फ्रेम घ्या, ठिपके काढायला लागतील.