पुण्यात सदनिका घेताना पार्किंगची रक्कम करारनाम्यात दाखवावी का? सल्ला हवा आहे

गृहशोधक: नमस्कार. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत, बांधकाम सुरू असलेल्या एका प्रकल्पात आम्ही सदनिका घेत आहोत. सदनिकेचे ७२ लाख आणि आच्छादित पार्किंगचे ३ लाख रुपये ठरले आहेत. पार्किंगचा उल्लेख करारनाम्यात न करता त्याची वेगळी पावती आणि वाटपपत्र घेतल्यास मुद्रांक शुल्क वाचेल, असे विकसकाच्या कार्यालयातून सुचवण्यात आले आहे. ते मानावे का? दस्त माझ्या आणि पत्नीच्या नावे करावा की केवळ पत्नीच्या, हेही ठरायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दस्तलेखक_पुणे: आपल्या हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रो अधिभार १ टक्का असे एकूण ७ टक्के लागते. नोंदणी शुल्क कमाल ३० हजार असल्यामुळे पार्किंग दाखवले काय किंवा न दाखवले काय, ते तेवढेच राहील. म्हणजे ३ लाखांवर वाचणारी रक्कम २१ हजार आहे, आणि तीही प्रत्यक्षात वाचेलच असे नाही. शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार (शासनाच्या वार्षिक दरतक्त्यानुसार) येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते, आणि रेडी रेकनरमध्ये आच्छादित पार्किंगचे मूल्य सदनिकेच्या दराच्या २५ टक्के दराने धरतात. समजा, आपल्या भागातील दर चौरस मीटरला ९० हजार, सदनिकेचे बांधीव क्षेत्र ८० चौरस मीटर आणि पार्किंगचे १२.५ चौरस मीटर आहे. मग सदनिकेचे ७२ लाख आणि पार्किंगचे २ लाख ८१ हजार २५० असे मूल्य होते. त्यामुळे दस्तात पार्किंगचा नुसता उल्लेख असला आणि किंमत ७२ लाखच दाखवली, तरी शुल्क जवळजवळ ७५ लाखांवरच भरावे लागेल. ते वाचवायचे तर दस्तात पार्किंगचे नावच येता कामा नये, आणि नेमका तोच धोका आहे.

सोसायटी_सचिव: त्या धोक्याचा अनुभव मी घेतला आहे. आमच्या पहिल्या घराच्या वेळी मीही विकसकाच्या सहीच्या पत्रावर विसंबून राहिलो होतो. संस्था स्थापन झाल्यावर त्याच जागेवर दुसऱ्या सभासदाने नोंदणीकृत करारनामा दाखवून हक्क सांगितला, आणि माझ्या हाती केवळ एक पत्र होते. पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलांनीही तोच प्रश्न विचारला आणि किंमत कमी करावी लागली. म्हणून कळकळीने सांगतो की पार्किंगचा क्रमांक, मजला, लांबी, रुंदी आणि उंची करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घ्या. महारेरानेही, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणानेही, विकसकांना तसे बंधन घातले आहे.

करसल्लागार_ताई: इतर करांचाही विचार व्हावा. बांधकाम सुरू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या गटात न बसणाऱ्या सदनिकेवर जीएसटी ५ टक्के आहे. मात्र वेगळ्या आकारलेल्या पार्किंगवर १८ टक्के लागतो, असा निर्णय पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने (जीएसटीच्या प्रश्नांवर आगाऊ निर्णय देणाऱ्या यंत्रणेने) दिलेला आहे. तो आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही वेगळ्या पावतीमुळे १५ हजारांऐवजी ५४ हजारांची मागणी होण्याची शक्यता का ओढवून घ्यावी? शिवाय ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच कापायचा आयकर) कापायचा असतो, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून या किमतीत पार्किंगचे शुल्कही धरले जाते. तेव्हा ७२ ऐवजी ७५ हजार कापा. ही रक्कम विकसकाला द्यायच्या पैशांतूनच जाते, आपल्यावर वेगळा भार पडत नाही.

दस्त केवळ पत्नीच्या नावे केल्यास महिलांची १ टक्का सवलत मिळून शुल्क ५ लाख २५ हजारांवरून साडेचार लाखांवर येईल. पतीचे नाव जोडल्यास ही सवलत मिळत नाही. मात्र कर्ज कोणाच्या उत्पन्नावर मिळणार आहे, हे बँकेशी आधी बोलून घ्या.

गृहशोधक: सर्वांचे मनापासून आभार. आच्छादित पार्किंग करारनाम्यातच घेणार आहोत. पण दुसऱ्या गाडीसाठी उघड्यावरच्या जागेचे दीड लाख मागितले आहेत. तेही दाखवावेत का?

दस्तलेखक_पुणे: ते देऊच नका. रेरा कायद्यात उघडी पार्किंग जागा सामायिक क्षेत्रात मोडते, त्यामुळे विकसकाला ती विकता येत नाही. त्याआधी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखाली स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधील) जागाही स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे ठरवले होते. उघड्या जागेचे वाटप पुढे संस्था आपल्या उपविधींनुसार करील. दीड लाखांची मागणी लेखी स्वरूपात मागा आणि मसुदा स्वाक्षरीपूर्वी एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या.