अलाइनमेंट नको, आधी डिस्क बघा

चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजवाला अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा म्हणतोय? थांबा की हो जरा. एरवी गाडी गप्प धावत असेल तर अलाइनमेंटचा संबंध कमीच. पुढच्या चाकांच्या डिस्क बघा, म्हणजे ब्रेक पॅड ज्यांना चिमटतात त्या तबकड्या. थरथर सीटखाली असेल तर मागचे ब्रेक. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं साधन) रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कचं डुलणं, साधारण ०.०५ मिमीच्या वर गेला तर संशय घ्या. पण आधी हबवरचा, म्हणजे डिस्क जिथं बसते त्या भागावरचा, गंज घासायला लावा, खानापूरकडच्या पावसात तो धरतोच. गंजावर नवी डिस्क बसवली तरी पुन्हा तीच रड. बेळगावच्या उद्यमबागेत डिस्क तासून सपाट करणारे लेथवाले आहेत, मात्र तासून ती डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली जात असेल तर जोडीच बदला, पॅडसकट. चाकाचे नट आळीपाळीनं समोरासमोरचे, टॉर्क पान्यानंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आवळा. आणि घाट उतरताना सेकंड गिअर, सगळा भार ब्रेकवर नको!