मदत हवी आहे: चिकट अल्बममधले आजीचे जुने फोटो न फाटता कसे काढायचे?

नमस्कार. आमची आजी नर्स होती. आधी गोवा मेडिकल कॉलेज (तेव्हा ते पणजीत होते), मग बहारीन, शेवटी कुवेत. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर ती बसने अम्मानला आणि तिथून विमानाने परतली. सामान तिथेच राहिले, अल्बम मात्र तिने सोडले नाहीत. पुढे आम्हा नातवंडांना तिनेच वाढवले. मार्गशीर्षात तिचे वर्षश्राद्ध आहे, तेव्हा घरच्यांसाठी छोटी पुस्तिका करायची आहे.

फोटो प्लास्टिकखालच्या चिकट पानांवर आहेत आणि गोंद पिवळा पडून घट्ट बसलाय. वरून स्कॅन नीट येते, त्यामुळे कृपया तो उपाय सुचवू नका. प्रत्येक फोटोमागे आजीने गाव, वॉर्ड, सोबतच्या मैत्रिणींची नावे लिहिली आहेत. मला ती मागची बाजू हवी आहे. दुसरीकडे कुठेच ती माहिती नाही.

डेंटल फ्लॉस मागून सरकवून पाहिला. कडा सुटतात, मधोमध अडकतो. हेअर ड्रायर लावलेला नाही, उष्णतेने रंगीत फोटो वाकतील अशी भीती वाटते. फ्रीझरचाही सल्ला मिळाला, पण फोंड्याच्या पावसाळी दमटपणात बाहेर काढल्यावर पाणी धरेल ना? बहुतेक फोटो रंगीत, थोडे कृष्णधवल. मागची शाई साध्या पेनाची, म्हणून ओले काही चालणार नाही.

कुरियरने पाठवणार नाही. बेळगावपर्यंत स्वतः घेऊन जाऊ शकतो. कुणी असे फोटो स्वतः सोडवले आहेत का, आणि हे काम हाताने करून देणारे गोव्यात किंवा बेळगावात कोण आहे?